छत्रीचा मार्का

अंगठ्याच्या नखाच्या कडेला काळा रंग अजून होताच. रॉकेलने चोळून, राखेने घासून, आईची बोलणी खाऊनही तो तिथून हलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर जयमालेला तो जायला नकोच होता. भूगोलाच्या तासाला ती पुस्तकाखाली हात धरून त्या नखाकडेच बघत बसली होती. बाई फळ्यावर कोळशाच्या खाणी दाखवत होत्या, त्यांचा छोटानागपूर जरा जास्तच गुजरातकडे सरकला होता, आणि एरवी तिने तो मनातल्या मनात पुसून पुन्हा काढला असता. पण आज शनिवार, सकाळची शाळा, अकराला सुटका — आणि दुपारच्या गाडीने तिची छत्री मुंबईला जाणार होती.

छत्री म्हणजे मार्का. पत्र्यात कापलेली, हाताएवढी, उघडी छत्री, खाली वाकडी मूठ. पत्रा खोक्याच्या फळीवर दाबून धरायचा, वरून काळा रंग मारायचा, पत्रा उचलला की खाली छत्री. हे तिने स्वतः काल आशागडला जाऊन बावीस खोक्यांवर केलं होतं. दाखवायला म्हणून पहिलं एक करायचं होतं, पण मग हात थांबेचना, आणि वाडीतले गडी नुसते बघत उभे राहिले.

आशागडची ती वाडी खोरशेदबाईंची. इराणी बाई, नवरा गेल्यापासून चिकूचा सगळा कारभार एकट्या बघणारी. खोकी बैलगाडीतून स्टेशनात यायची आणि मागोमाग बाई, ऊन असो नसो, डोक्यावर काळी छत्री धरून. खोक्यांवर मात्र नवऱ्याच्या नावाची इंग्रजी तीन अक्षरं. बाकीच्या वाड्यांचे मार्के होते चांद, कोंबडी, किल्ली... ते हमालांनी डोळे मिटून ओळखले असते, पण ही तीन अक्षरं म्हणजे त्यांना नुसत्या रेघोट्या. दिवाळीनंतर मुंबईच्या बाजारात बाईंची अकरा खोकी भलत्याच ढिगात गेली आणि सापडली तेव्हा आतल्या चिकूंचं पाणी झालं होतं. त्या रागात बाई स्टेशनात बडबडत होत्या, जयमाला नेहमीसारखी बाबांचा डबा घेऊन उभी होती, आणि अचानक कुणीतरी म्हणालं, मी काढून देऊ का मार्का?

ते कुणीतरी म्हणजे आपणच, हे तिला बाई तिच्याकडे वळल्या तेव्हा कळलं.

बाईंनी तिला वेणीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. ती अकरावीत आहे, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास आहे, हे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काढ, डिकरी. पण फुकट नको मला. चांगला असेल तर पैसा देते, नाय तर नाय."

पैसा देते! ड्रॉइंगचे सर शाबासकी द्यायचे, शेजारणी रांगोळीसाठी हाताला धरून न्यायच्या, गणपतीचं मखर तर दरवर्षी तिच्याच गळ्यात. पण चांगला नसेल तर देणार नाही, असं आजवर तिला कुणी म्हणालं नव्हतं, आणि घरी जाताना त्या 'नाय तर नाय'चाच तिला जास्त अभिमान वाटत होता.

पहिला मार्का तिने काढला तो चिकूचा. एक फांदी, दोन पानं, एक अख्खा चिकू आणि एक कापलेला, आतल्या काळ्या बियांसकट. सर म्हणाले, उत्तम, याला कमर्शियल आर्ट म्हणतात, मुंबईत याचं रीतसर शिक्षण मिळतं. तो कागद छातीशी धरून ती स्टेशनात गेली आणि मोठ्या हौसेने काकड्यापुढे उलगडला. काकड्या तिथला सगळ्यात जुना हमाल, उधवा गावाकडचा, तो पसंत म्हणाला की बाकीचे म्हणणारच. त्याने बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू, तिला वाईट वाटू नये म्हणून की काय, म्हणाला, "बाय, समद्या खोक्यांत चिकूच हाय. ह्यातला तुजा कुठला?"

कानशिलं तापली होती. आत्ताही, चार आठवड्यांनी, शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना, ती आठवणीने तापली. एवढी साधी गोष्ट! चिकूच्या गावात जन्म गेला आणि चिकूच्या खोक्यावर चिकू काढला. त्या दिवशी ती रडली नाही, वजनकाट्याच्या कडेला बसून हमालांचं बोलणं ऐकत राहिली. कोंबडीची पाच इकडे, चांदची दहा तिकडे, आणि ही छत्रीवालीची... छत्रीवाली! अरे, मार्का तर यांच्या तोंडातच होता आणि मी मेली फांद्या काढत बसले.

मग पुढचं सगळं कामच काम. छत्रीच्या काड्या कापल्या की मधले तुकडे पत्र्यातून गळून पडतात, तेव्हा प्रत्येक तुकड्याला कुठेतरी धरून ठेवणारी पट्टी सोडावी लागते, हे तिला पत्रेवाल्याने शिकवलं, जरा हसतच. सात कागद फाडले. हमाल खोकी कशीही टाकतात, तेव्हा मार्का उलटाही ओळखू यायला हवा म्हणून तिने आठवा कागद उलटा धरून आईला दाखवला. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, छत्रीच की, कुणीतरी उलटी धरलीय. तेव्हा तिला कळलं की जमलं.

तीस रुपये. खोरशेदबाईंनी पाकिटात घालून दिले, दोन्ही हातांनी, एखाद्या मोठ्या माणसाला द्यावेत तसे. ते आता कंपासपेटीत, कर्कटकाखाली घडी करून ठेवले होते. जूनमध्ये मुंबईच्या त्या चित्रशाळेचा अर्ज, प्रवेशाची फी... बाबांना विचारलं की बाबा म्हणत, आधी मॅट्रिक हो, मग बघू, आणि त्यांच्या 'मग बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता : ट्रेनिंग कॉलेज, प्राथमिक शाळा, लग्न. पण अर्जाचे पैसे माझेच असले तर मग 'विचारणं' वेगळं होतं. तो विचार आला की तिची पावलं नकळत लांब पडायची.

बाबांना मात्र हे काहीच माहीत नव्हतं. मुलगी चित्र काढून देतेय, इतपत. पैशाचं आईला सांगून झालं होतं, आई म्हणाली, तुझं तू सांग, वेळ बघून सांग. चार दिवस झाले, वेळ काही दिसेना.

कारण बाबा म्हणजे एकनाथबाबू, स्टेशनातले पार्सल क्लार्क. कुणाचं खोकं आधी वजनाला, कुणाचं आधी डब्यात, हे त्यांच्या हातात. आणि त्या हाताला वाडीवाल्याचा एक चिकू लागलेला नाही, ही त्यांची मिळकत. ती आठ वर्षांची असताना पाडव्याला कुणीतरी शेठ करंडीभर चिकू घरी ठेवून गेला. बाबा ड्यूटीवरून आले, करंडी बघितली, पायांतल्या वहाणाही न काढता हातगाडी बोलावून परत पाठवली, गाडीवाल्याचे पैसे स्वतः दिले. तेवढ्यात तिने तोंड पुसलं. बाबांनी विचारलं, खाल्लास? एक, ती म्हणाली. तर त्या एका चिकूचा एक आणा द्यायला हा माणूस शेठच्या पेढीवर चालत गेला, आणि तिला बरोबर घेऊन गेला. शेठ हसत होता. बाबा हसत नव्हते. परत येताना तिचा हात त्यांच्या हातात होता आणि तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी गावातल्या सगळ्या मुलींनी आपल्याला या माणसाबरोबर चालताना बघावं असंही वाटत होतं... दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

डबा घेऊन ती फलाटावर आली तेव्हा पहिलं दिसलं ते तेच. फलाटाच्या कडेला ढीग, आणि ढिगावर छत्र्या. आडव्या, उभ्या, उलट्या, बावीस. लांबूनसुद्धा छत्र्या. हे मी केलंय, हे मी केलंय, असं ती चालता चालता मोजल्यासारखं म्हणत होती. पलीकडे खोरशेदबाई उभ्या होत्या, त्यांनी आपली खरी छत्री जराशी हलवून तिला खूण केली.

काशीनाथशेठ किल्लीवाले बाबांच्या टेबलाशी टेकले होते. माणूस वाईट नव्हता, पण जीभ जड कधीच झाली नाही त्याची. तिला बघून म्हणाले, आली आमची आर्टिस्ट, आणि मग बाबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबू, तीस रुपये रोख दिले म्हणे इराणीबाईने पोरीला. आता छत्रीला पहिला डबा, आम्ही बसतो उन्हात!"

हमाल हसले. ते नुसतं चेष्टेला हसले, पण बाबांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"किती?" त्यांनी विचारलं. तिच्याकडे न बघता.

"तीस."

"आज परत करायचे."

बस्स, एवढंच. पुढे पावती, पुढचं वजन. ती डबा धरून तशीच उभी. राग आला होता, स्वच्छ राग, आणि लाजही वाटत होती, काशीनाथशेठसमोर, काकड्यासमोर. आणि या सगळ्याखाली ती एका आण्यासाठी चाललेली वाट... त्यांचं चुकलं असं तिला म्हणताच येईना. हा माणूस असाच आहे म्हणून तर मला आवडतो. पण माझे सात कागद, पत्रेवाल्याचं हसणं, ते गळून पडणारे मधले तुकडे, ते काय होतं मग? ती करंडी कुणीतरी आपणहून ठेवून गेलं होतं. हे मी कमावलं होतं. बाबांना हा फरक कळत नाही असं कसं होईल?

गाडी आली. थांबणार मोजून काही मिनिटं. बाबा उठले आणि नेहमीच्या आवाजात हुकूम देऊ लागले : किल्ली घ्या. मग चांद. मग कोंबडी. काकड्या मध्येच थबकला, छत्रीच्या ढिगाकडे बघितलं, कारण तो ढीग सगळ्यांत पुढे लावलेला होता. खोरशेदबाईंची गाडी आज सकाळी पहिली आली होती, पावतीचा नंबर पहिला होता, हे फलाटावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. बाबा म्हणाले, चल, कोंबडी. काकड्या गेला. खोरशेदबाई छत्री मिटून उभ्या राहिल्या. आजची गाडी चुकली तर बावीस खोकी उद्यापर्यंत उन्हात, आणि चिकू काही रविवार बघून थांबत नाही.

आणि तिला एकदम दिसलं बाबा काय करताहेत ते. ते स्वतःला स्वच्छ ठेवत होते. त्यासाठी बाईंचा नंबर मागे जात होता, आणि हे त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि तरी. गार्ड घड्याळ बघत होता. कोंबडीची अजून सहा राहिली होती. ती कधी त्यांना उलट बोलली नव्हती, आयुष्यात नाही, आणि बोलायचं असं ठरवलंही नव्हतं. तिने डबा खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांचा नंबर पहिला होता."

आवाज मोठा नव्हता. पण काशीनाथशेठने मान वळवली, आणि बाबांनी चार दिवसांत, की चार वर्षांत, पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग होता. मग तो राग कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना असं काहीतरी झालं. त्यांनी हातातल्या पावत्यांकडे बघितलं, वरच्या पावतीवर नजर क्षणभर थांबली.

"काकड्या," ते म्हणाले, "कोंबडी राहू दे. छत्री घे."

छत्री घे. बाबांच्या तोंडून. मार्क्याचं नाव त्यांनी कसं घेतलं तर चांद किंवा किल्ली घ्यावं तसं, जणू ती पहिल्यापासून या फलाटावर होती. काकड्या आणि दुसरा हमाल चिमण धावले, वाचता न येणारी माणसं, आणि एकही खोकं बघून घ्यावं लागलं नाही, उलटं असो आडवं असो, छत्री की उचल, छत्री की उचल. तिला वाटलं आपण आता मोठ्याने हसणार. बावीस चढली, मागोमाग कोंबडीची उरलेली सहाही कशीबशी कोंबली गेली, गार्डने झेंडी दाखवली, आणि दार लोटताना आत एक छत्री तिरकी दिसली ती शेवटची.

बाबा टेबलाशी परत आले, डबा उघडला. काशीनाथशेठ आपली पावती घेऊन निघून गेले. खोरशेदबाई जाताना बाबांना म्हणाल्या, थँक्यू बाबू, आणि बाबा म्हणाले, नंबर होता तुमचा. मग दोन घास खाऊन, भाजीकडे बघत, तिला म्हणाले, "पैशाचं संध्याकाळी बोलू." परत करायचे, असं म्हणाले नाहीत. परत करायचे नाहीत, असंही नाही.

बोलू. एवढ्या वर्षांत 'बघू' होतं.

ती फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथून रुळांच्या बाजूने गावाकडे. संध्याकाळी काय होईल हे तिला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणतील, रेल्वेच्या नोकराच्या घरात हे चालत नाही. ते म्हणतील, लोक काय म्हणतील. कदाचित तिला बरोबर घेऊन आशागडपर्यंत चालत जातील आणि पाकीट परत ठेवतील, आणि कदाचित तिला जावंही लागेल. पण आता तिला ती संध्याकाळ लवकर यायला हवी होती. ते पैसे खोकी आधी चढवण्याबद्दल दिलेले नव्हते, बाबा, आज तुम्ही ती मागे ठेवलीत तेव्हाही ते माझेच होते. ते कामाचे आहेत, आणि काम चांगलं झालंय, तुम्ही स्वतः बघितलंत. वाक्य तयार होतं. ती ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होती, कुठे अडखळतंय का म्हणून, पण ते कुठेच अडखळत नव्हतं. आणि बऱ्याच वेळाने, घर दिसायला लागल्यावर, तिच्या लक्षात आलं की मनात ते वाक्य म्हणणारा आवाज आपला नाहीच, तो एक आणा द्यायला गेलेल्या माणसाचा आहे.