सव्वीस मणी, तेहतीस गाठी

मित्रांनो, मी या घरात आले ती एका पत्राबरोबर. त्या पत्राला अकरा वर्षे उत्तर गेले नाही.

मी एक जुनी जपमाळ आहे. निदान एके काळी होते. डिंकाच्या रिकाम्या डब्यात मी पडून होते तेव्हा मी म्हणजे सव्वीस सुटे मणी आणि एक लहानसा क्रूस. दोरा नसलेल्या मण्यांनी स्वतःला माळ म्हणवून घ्यावे का, हे मला नीट कळत नाही. पण दुसरे काय म्हणावे हेही सुचत नाही, म्हणून तुम्ही सांभाळून घ्या.

माझा जन्म खुर्च्यांच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका लेथवर कातकाम करणाऱ्या सुताराने खुर्चीच्या चिरलेल्या पायातून, आपल्या मुलीसाठी, मला घडवले. त्रेपन्न लहान मणी आणि सहा मोठे, एकूण एकोणसाठ. दहा लहान मण्यांचा एक गट, असे पाच गट, आणि सुरुवातीला तीन लहान वेगळे. लहान मण्यावर 'नमो मरिये', मोठ्यावर 'आमच्या बापा'. ती मुलगी पुढे धुलाईघरात इस्त्री करू लागली. इस्त्री तापेपर्यंत तिचा एक हात एप्रनच्या खिशात असे आणि त्या खिशात मी. तिच्या बोटांना साबणाचा वास यायचा. चाळीस वर्षांत माझे मणी तिच्या बोटांनी इतके गुळगुळीत केले, की कातकामाची एकही रेघ उरली नाही. माझे कौतुक एवढेच झाले, आणि ते मला पुरेसे होते.

तिला दोन मुले झाली. थोरला मुलगा पुस्तके बांधू लागला. धाकट्या मुलीला घरात सगळे चिमणी म्हणत. ती आजाऱ्यांची सेवा करणारी परिचारिका झाली. तिने दुसऱ्या मंडळीतल्या, म्हणजे वेगळ्या चर्चच्या, एका घड्याळजीशी लग्न केले आणि लांबच्या गावी गेली. दादा लग्नाला गेला नाही. तुम्ही म्हणाल, देव तोच, क्रूस तोच, मग रुसायचे काय? मलाही तेच वाटे. पण मोजणी वेगळी होती. चिमणीच्या नव्या मंडळीत काहीजण तेहतीस मण्यांवर प्रार्थना करतात. सात-सात मण्यांचे चार गट. त्यांना ते आठवडे म्हणतात. आठवड्यांच्या मध्ये चार मोठे मणी, आणि सुरुवातीला एक मोठा. येशू या पृथ्वीवर जितकी वर्षे जगला, तितके मणी. शब्द ठरलेले नाहीत. ज्याचे त्याने मनातले घ्यायचे. दादा यावर म्हणाला होता, "शब्दच ठरलेले नाहीत तर मोजता कशाला?" चिमणी म्हणाली होती, "तू ठरलेले शब्द म्हणताना गिऱ्हाइकांचा हिशेब करतोस, ते मी पाहिलंय." त्यानंतर दोघे फारसे बोलले नाहीत.

आई शेवटी लेकीकडे राहिली आणि तिकडेच गेली. मग पाकीट आले. त्यात मी होते, म्हणजे माझे सव्वीस मणी आणि क्रूस, आणि दोन पानांचे पत्र.

दादाला एकट्याने राहून मोठ्याने वाचायची सवय लागली होती. पहिल्या पानाच्या शेवटी तो आला. "आईची माळ आता आपल्या दोघांत वाटली आहे. तेहतीस मणी मी ठेवले. सव्वीस तुला पाठवते."

त्याने मणी मोजले. पुन्हा मोजले. "वा गं चिमणे," तो म्हणाला, "मोठा वाटा तुझा. आणि तोडायच्या आधी विचारलंस कुणाला?"

त्याने पान उलटले नाही. लोकांची पुस्तके शेवटच्या ओळीपर्यंत तपासणाऱ्या त्या माणसाने बहिणीचे पत्र अर्धेच वाचले, आणि मला व पत्राला डब्यात घालून झाकण लावले.

मित्रांनो, दुसऱ्या पानावर काय होते ते मला ठाऊक होते. चिमणी लिहिताना ओठ हलवून लिहिते आणि मी तिच्या कोपराशी पडले होते. अकरा वर्षे मला ते ठाऊक होते. पण मण्यांना तोंड नसते. कोणी डबा हलवला की आम्ही वाजत असू, आणि तो म्हणे, "हां, हां, तिथेच राहा." मी त्याहून मोठ्याने काय वाजणार?

त्याचा राग दोन वर्षांत गेला. पण मग लाज आली, आणि लाज रागापेक्षा चिवट निघाली. तो कागद घेऊन बसे. 'प्रिय चिमणे' लिही. "आता इतक्या दिवसांनी काय लिहू?" असे म्हणून फाडी. पुढच्या वर्षी इतके दिवस आणखी वाढलेले असत.

अकराव्या वर्षी घड्याळजी मेव्हण्याचे कार्ड आले. दादाने ते खिडकीपाशी उभ्याने वाचले आणि अर्ध्यावर स्टुलावर बसला.

"तिला झटका येऊन तीन आठवडे झाले. उजवा हात गेला. नजरही अधू झाली आहे, वाचता येत नाही. डाव्या हातात मणी धरते, पण आठवडे मोजताना वाट चुकते आणि रडते. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. रोज पोस्टाच्या वेळेला विचारते, दादाचं काही आलं का. मी रोज उद्या येईल म्हणतो. आता मला खोटं बोलवत नाही."

त्याने डबा उघडला. झाकण इतक्या घाईने ओढले की मी सगळीकडे सांडले. पत्र उलगडून त्याने दुसरे पान वाचले, आणि त्याचा आवाज असा झाला की मला तो ओळखू येईना.

"दोरा आईच्या हातातच तुटला, दादा. मी गुडघ्यांवर बसून पलंगाखालून एकेक मणी काढला. आई म्हणाली, तुझ्या मोजणीला लागतील तेवढे तू घे, उरलेले त्याला दे. तो बांधणारा आहे, जोडून घेईल. तुला तेहतीस कमी पडतील हे मला कळतं. पण जुन्या पुस्तकात पान गहाळ असलं की तू तिथे कोरं पान घालतोस ना? इथे काहीतरी होतं हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून? तसं काही करता आलं तर कर. आणि जोडलीस की एकदा माझ्या हातात दे. आईची माळ पुरी झालेली मला बघायची आहे."

प्रवास दोन दिवसांचा होता आणि त्याचे गुडघे जिन्याच्या बारा पायऱ्यांनाही भीत. आणि बघायला तिला नजर उरली नव्हती. उरला होता एक हात. तो जमिनीवर बसून मला गोळा करू लागला. एक मणी कपाटाखाली गेला होता. तो सापडेना तेव्हा हा म्हातारा लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात दारात रफूवाल्या आजी आल्या. त्या खालच्या मजल्यावर राहत. त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक बांधायला दिलेले होते.

"काय हो बाइंडर, या वयात गोट्या खेळताय?" मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही." त्याने दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. आजींनी वाचले, चष्मा पुसला.

"मग जोडा की. रडताय काय?"

"कशाने? तेहतीस मणी कमी आहेत. दुकानातले घातले तर ते आईचे नव्हेत. चिमणीच्या बोटांना लगेच कळेल."

आजींनी बाही वर केली. त्यांच्या मनगटाला काळ्या लोकरीची दोरी होती, गाठीच गाठी असलेली. "मोजा."

त्याने मोजल्या. तेहतीस होत्या.

"आमच्या पूर्वेकडच्या मंडळीत मणी नसतात," आजी म्हणाल्या. "एकेका गाठीवर म्हणायचं, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. संपलं की पुन्हा पहिल्यापासून."

"पण आमच्यात गाठीवर... हे चालेल का?"

"ते मला विचारू नका. मी रफूवाली. भोक दिसलं की बुजवते, सदरा कुठल्या चर्चला जातो ते विचारत नाही. दोरा काढा."

मित्रांनो, ती गाठ सोपी नव्हती. दोरा बोटांभोवती असा फिरवायचा की एका गाठीत सात क्रूस पडतात. दादाने पुस्तके शिवायचा मेण लावलेला दोरा घेतला. पहिली गाठ सुटली. दुसरी भलत्याच जागी आवळली. "अहो, गळफास नका करू, गाठ करा!" आजी ओरडल्या. सुईच्या टोकाने उसवायचे, पुन्हा घालायचे. पहिल्या दिवशी चारच गाठी टिकल्या. त्याच्या बोटांना दोऱ्याचे काप पडले. मध्येच तो थांबे आणि म्हणे, "आजी, ती तोवर..." आणि आजी म्हणत, "पुढची घाला."

प्रत्येक गाठीवर तो आजींची प्रार्थना म्हणत होता, पण 'मज पाप्यावर' झाले की क्षणभर थांबून 'आणि तिच्यावर' असे जोडत होता. ठरलेल्या शब्दांच्या त्या माणसाने पहिल्यांदाच मनातले शब्द घेतले. हे चिमणीने ऐकायला हवे होते.

कपाटाखालचा मणी चौथ्या दिवशी झाडूने निघाला. तो मोठा मणी होता, माझ्याकडे उरलेला एकुलता एक. पाचव्या दिवशी दुपारी मी पुरी झाले. पंचवीस लहान मणी, एक मोठा, अठ्ठावीस लहान गाठी, पाच मोठ्या, खाली क्रूस. दिसायला मी काही सुंदर नाही. अर्धी लाकडाची, अर्धी दोऱ्याची, सगळी दुरुस्तीच. पण मोजा, मी एकोणसाठ आहे.

चिठ्ठी त्याने चारदा लिहून चारदा चुरगळली. पाचवी आजींनी त्याच्या हातातून ओढून घेतली. तिच्यात एवढेच होते: "चिमणे, गहाळ पानांच्या जागी गाठी घातल्या आहेत. तुझं पत्र मी पाच दिवसांपूर्वी पुरं वाचलं. दादा."

मित्रांनो, तुम्हाला शिकवण्याइतकी मी शहाणी नाही. फक्त विनवते. तुमच्या घरात एखादे पत्र अर्धे वाचून ठेवलेले असेल तर आजच पान उलटा. काय लिहू, असे म्हणत बसू नका. वाईट अक्षरात लिहा, चुकीचे लिहा. मी अकरा वर्षे डब्यात वाजत होते. वाट पाहणाऱ्याचे हाल मला माहीत आहेत.

पोस्ट चार वाजता निघते. बारा पायऱ्या तो कठडा धरून बसत बसत उतरला. आजी पुढे जाऊन पोस्टाच्या खिडकीशी भांडत उभ्या होत्या, "थांबा हो, माणूस येतोय, पाय आहेत ते, चाकं नाहीत!"

कारकुनाने पाकीट हातात घेऊन दाबून पाहिले. "काका, आत फुटणारं-तुटणारं काही आहे का?"

"नाही," दादा म्हणाला. "तुटून झालंय."

"मग आहे काय?"

"पत्राचं उत्तर."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकायला दादाच्याच हातात दिले. तिकडे चिमणीचा एक हात माझ्यासाठी उघडा आहे की मिटला आहे, ते मला ठाऊक नाही. टपालाच्या पिशवीचे तोंड उघडले, आणि दादाच्या कापल्या बोटांतून सुटून मी आत पडले.