धावती

१९७४ साली, संपता संपेना म्हणून ज्याला लांब शेपटीचा म्हणतात त्या दुष्काळात, एका सकाळी गुलेद एका पायावर उभा होता. दुसऱ्या मांडीवर लाकडी कासंडी तोलून तो सांडणीची आचळं ओढत होता. कासंडी कोरडीच राहिली.

"पान्हा चोरतेय," तो म्हणाला. "पिल्लाचं कातडं आणा. हुंगलं की सोडेल."

त्याची आई धूहो सुनेकडे, कल्तूनकडे वळली. "कुठं ठेवलंस?"

कल्तूनच्या कडेवर तान्ही मुलगी होती. आईचं दूध आटल्यापासून ती रडायचीही थांबली होती.

"पुरलं," कल्तून म्हणाली. "मागच्या मुक्कामाला. हे पाण्याच्या शोधात गेले होते, तुम्ही तापात होतात. पिल्लू मेलं, मी खड्डा केला."

"कातड्यासकट?"

"हो."

"नमाजही पढलीस का त्याच्यावर?" धूहो खाली बसली. "बुराओ शहरातली सून. मेलेल्या पिल्लाचं कातडं सोलून ठेवतात, हे दूधपित्या पोरालाही कळतं."

"मी काढून बघू का दूध, आत्याबाई?"

"उंटाच्या आचळाला बाईचा हात लागला की कळप बुडतो."

"एकच जनावर उरलंय, आई," गुलेद म्हणाला. "बुडायला आता कळप कुठला?"

धूहोनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात सांडणीनं पायातला दोर तोडला आणि ती पळत सुटली. भुकेनं बरगड्या मोजून घ्याव्यात असं जनावर, पण पाय असे टाकत होती की धूळ मागं राहिली.

"तहानलीय. विहिरीकडेच वळणार," म्हणत गुलेद उत्तरेला धावला.

"ती पिल्लाकडे गेलीय," कल्तून म्हणाली आणि मूल झोळीत बांधून उलट्या दिशेला चालू लागली.

"तुला काय कळतंय उंटातलं?" धूहो मागून ओरडली. पण थोड्या वेळानं तिच्या चपला मागं वाजू लागल्या. तिच्या खांद्याला कासंडी होती.

"ही कशाला?"

"वाटेत गुलेद भेटला तर."

दुपार कलली तेव्हा जुना मुक्काम दिसला. दगडांच्या ढिगावर नाक टेकून सांडणी उभी होती. तिच्या आचळांतून दूध वाळूत ठिबकत होतं.

कल्तूननं मूल छातीपासून दूर धरून पाहिलं. ओठ निळसर पडले होते. चारी दिशांना गुलेद नव्हता.

"तिकडं तोंड कर," धूहो म्हणाली.

"आत्याबाई..."

"तिकडं तोंड कर म्हटलं ना."

कल्तून वळली. मागं आधी काहीच ऐकू आलं नाही. मग लाकडावर धार वाजली, लगोलग दुसरी. दोन्ही हातांच्या धारा एकसारख्या, कुठं अडखळणं नाही. पहिल्यांदा हात लावणाऱ्याच्या नव्हत्या त्या. हे हात कुठल्या दुष्काळात शिकले, हे कल्तूननं विचारलं नाही.

धूहोनं कपड्याची कड दुधात बुडवून मुलीच्या ओठांवर पिळली. पुन्हा पिळली. खूप वेळानं मुलीनं ती कड चोखली.

मग दोघींनी दगड बाजूला सारून हातांनी वाळू उकरली. कोरड्या वाळूत पिल्लू वाळून गेलं होतं. कातडं सोलून निघालं. त्या कातड्याच्या वासावर सांडणी पुढं रोज गुलेदच्या हाताला दूध देत राहिली आणि ते मदतछावणीपर्यंत पोचले. गुलेदनं तिचं नाव धावती ठेवलं. छावणीतला इटलीचा डॉक्टर म्हणाला, आमच्या भाषेतही एका वशिंडाच्या उंटाचं नाव धावण्याच्या एका जुन्या शब्दावरूनच आलंय.

"मग त्यांचीही कुणीतरी पळाली असेल," धूहो म्हणाली.

त्याच हिवाळ्यात छावणीत गोवराची साथ आली. पोरांची शुश्रूषा करता करता धूहो गेली. सरकारनं गुलेदला दक्षिणेला समुद्रकाठी नेऊन मासे धरायला लावलं. अंगाच्या वासाची त्याला अखेरपर्यंत लाज वाटायची. धावती त्याच्या चुलतभावाकडे राहिली, आणखी दोनदा व्याली. मुलगी मोठी होऊन शिक्षिका झाली. त्या दिवशी दूध कुणी काढलं, असं ती अधूनमधून विचारते.

"तुझ्या बापानं," कल्तून सांगते.