दुधाच्या बाटलीची नोकरी

इंग्लंडमधल्या रॉचडेलची सूतगिरणी बुडाली, माग भंगारात गेले, तिथे संगणकाच्या चिपा बनू लागल्या. पण आयव्ही क्रॅबट्रीची चहाची गाडी कोणाच्या बापाला बंद करता आली नव्हती. दहाला एक फेरी, तीनला दुसरी. ती बंद करायला निघाला कोण, तर डेरेक लोमॅक्स!

"आयव्हीमावशी, सोमवारी चहाचं यंत्र येतंय," कारखान्याचा हा साहेब बुटांकडे बघत म्हणाला. "त्यामुळे तुझं... शुक्रवारपर्यंतच."

"मेल्या, तुझी दुपटी धुतलीत मी! अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण कामावर ठेवणार? आणि त्या यंत्रात दूध कसलं?"

"पावडरीचं."

"शी!" आयव्ही म्हणाली. तिला रडूच फुटणार होतं, पण ते डेरेकसमोर? छे!

शुक्रवारी लंडनहून फेन नावाचे गृहस्थ आले. त्यांची कंपनी नव्यानेच निघालेले घरगुती संगणक विकायची. चिप पसंत पडली तर वीस हजार चिपांची मागणी. पाहुण्यांसमोर गाडी नको, म्हणून डेरेकने आयव्हीला दाराबाहेरच थांबवलं. ती काचेतून बघत राहिली.

चाचणीच्या टेबलावर ती चिप बसवलेला वहीएवढा काळा संगणक टीव्हीला जोडला होता. दहा मिनिटं झकास चालला आणि मग पडद्यावर नुसती रांगोळी! डेरेकचा चेहरा पांढराफटक. "सहा महिने एकदाही असं झालं नाही हो!"

कसं होणार? सहा महिने आयव्ही चहा वाटताना दुधाची गार बाटली त्याच काळ्या डब्यावर टेकवत आली होती. डबा तापून दूध कोमट होतं म्हणून रोज त्या डब्याला शिव्याही घालत होती.

ती तरातरा आत गेली आणि तिने बाटली डब्यावर ठेवली. जरा वेळाने चित्र आलं. फेनसाहेबांनी बाटली उचलली. रांगोळी. परत ठेवली. चित्र.

"रुपेरी टोपणाची का?" त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

"पण गिऱ्हाईक काय करणार?" डेरेकने भीत भीत विचारलं.

"दूधवाला रोज दारात येतोच की! 'वर दुधाची गार बाटली ठेवा' असं माहितीपुस्तकात छापू. मात्र मागणी पुरी होईपर्यंत चाचणीत काडीचाही बदल नको. बाटलीत नको, या बाईंमध्येही नको."

सोमवारी आयव्ही पांढरा झगा घालून आणि तोंडाला फडकं बांधून बाटलीशेजारी खुर्चीवर बसली. छातीवर पाटी: शीतकरण प्रमुख. दहा वाजता डेरेक यंत्राचा चहा घेऊन आला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, यात थेंबभर दूध घाल ना."

आयव्हीने बाटलीवर हात ठेवला. "फेनसाहेब काडीचाही बदल नको म्हणालेत ना?"

"अगं, मग आम्ही प्यायचं काय?"

"माणसांसाठी दुसरी बाटली लागेल. आणि बाटली आणायची तर गाडी लागते, डेरेक."

डेरेकने कप खाली ठेवला आणि स्वतः जाऊन चहाच्या यंत्राची वायर उपटली.