पाकिटातला पगार

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. राजीनामा मी लिहिला. ह्यांनी फक्त सही केली, तीही मी बोट ठेवलं तिथे. उद्या कुणी म्हणायला नको की बाईने नवऱ्यावर ढकललं.

आमचे हे बेकरीत होते. बावीस वर्षं पीठ मळायच्या मशीनवर. पोती फोडायची, मशीनमध्ये ओतायची आणि जो पांढरा धुरळा उडेल तो दिवसभर नाकातोंडात घ्यायचा. गेल्या वर्षापासून खोकला लागला. साधा नव्हे, करपलेलं पातेलं खरवडावं तसा. जिना चढताना अर्ध्यावर थांबायचे आणि खिसे चाचपायचे, जसं काही किल्लीच शोधतायत. मी काय दुधखुळी आहे?

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "पिठापासून सहा महिने लांब. एक दिवससुद्धा जायचं नाही. आत्ता सावरलं तर सावरलं, नाहीतर जन्मभर ऑक्सिजनची नळी."

मी लाँड्रीत इस्त्री करते. माझ्या पगारात घरभाडं आणि किराणा निघतो. औषधं, वीज, मुलीच्या कॉलेजची फी हे सगळं ह्यांच्यावर. महिन्याला अठरा हजारांचा खड्डा. सहा महिन्यांचे झाले एक लाख आठ हजार. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. हे म्हणायचे, "बघू, दिवाळं निघण्यापेक्षा खोकला बरा." आणि तोंडावर रुमाल बांधून कामाला जायचे.

आणि तेवढ्यात लाँड्रीतल्या रेडिओवर बातमी आली. सरकार कराचा परतावा देणार. कर भरणाऱ्या प्रत्येकाला साठ हजारांपर्यंत. मी इस्त्री उभी करून ठेवली. आम्ही दोघं कर भरणारे! दोन साठ, एकशेवीस. खड्डा बुजून वर बारा हजार उरतात. देव एकेकदा हिशोब करूनच देतो असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

मग सुरू झाला तमाशा. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका म्हणाले, "साठ कसले, पेपरात चाळीस आलंय." मी हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवलं आणि एक मुलगी म्हणाली, "पात्रतेनुसार मिळेल, मॅडम." पात्रता म्हणजे किती, ते सांग ना बये! ते तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक पुरुष म्हणाला पस्तीस. तिसऱ्या दिवशी दुसरी बाई म्हणाली, "आकडा सिस्टिम ठरवते." काका हसले, "सरकारी काम आणि सहा महिने थांब, वहिनी!" मला त्या सहा महिन्यांचं हसू आलं नाही.

शेवटी नणंदेचा फोन आला. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. "वहिनी, माझे आले! बावन्न हजार!" मी तिला मेसेज दोनदा वाचायला लावला. बावन्नच. "दादाचा पगार तर माझ्यापेक्षा जास्त," ती म्हणाली, "त्याला साठ मिळणारच." आता ही काही रेडिओ नव्हे, पेपर नव्हे. सख्खी नणंद, आणि पैसे खात्यात जमा. आणखी कसली खात्री हवी होती मला?

हे म्हणाले, "आधी येऊ तर दे. बाजारात तुरी आणि तू..."

"गप्प बसा," मी म्हणाले. "तुमची छाती थांबणार आहे का मेसेज येईपर्यंत? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? एक दिवससुद्धा नाही."

भांडले मी त्यांच्याशी. रडलेसुद्धा. मग कागद आणला, चार ओळी लिहिल्या, बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

त्या दिवशी मी त्यांचे दोन्ही ॲप्रन कापले. जाड कापड होतं, चांगली आठ फडकी निघाली. एक ओट्यावर, एक खिडकीला, एक इस्त्रीखाली. मुलगी हसत होती, "आई, बाबांची नोकरी पुसतेयस का?" मी म्हटलं, हो, चकचकीत.

तीन आठवडे हे घरी राहिले. पहिला आठवडा खोकला तसाच. दुसऱ्या आठवड्यात थोडा कमी. तिसऱ्या आठवड्यात एकदा जिना चढून आले आणि थेट दारात उभे. खिसे चाचपले नाहीत. मी आत जाऊन नळ सोडला आणि भांड्यांच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

मंगळवारी लाँड्रीत मेसेज आला. माझे दोन हजार नऊशे. ह्यांचे तीन हजार आठशे साठ.

एक शून्य खाल्लंय असं वाटलं आधी. मग शून्य लावून पाहिलं, तरी जमेना. मालकिणीला पोटदुखीची थाप मारली आणि तडक कर कार्यालय गाठलं. खिडकीतल्या बाईला तावातावाने म्हटलं, "माझ्या नणंदेला बावन्न आणि नवऱ्याला चार? हा काय न्याय झाला?"

बाई चांगली होती बिचारी. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "जेवढा कर भरला, त्या प्रमाणात परतावा मिळतो. तुमच्या मिस्टरांचा पगार बघा ना. अर्धवेळ कामगार आहेत ना ते?"

मी तोंड उघडलं. अर्धवेळ? अगं, माणूस दिवसाचे बारा तास पीठ खातोय! आणि तिथेच मला पाकीट आठवलं.

आठ वर्षांपूर्वी मीच गेले होते बेकरीच्या मालकांकडे. म्हटलं होतं, "अर्धा पगार कागदावर दाखवा, अर्धा पाकिटात द्या. सरकारला कशाला पोसायचं?" मालकांना काय, त्यांचेही पैसे वाचत होते. केवढी फुशारकी वाटली होती मला! नणंद सगळ्या पगारावर कर भरते म्हणून तिला हसायचे मी. पुढे बँकेतला आणि पाकिटातला मिळून एकच आकडा डोक्यात बसला, आणि दोन भाग होते हेच विसरून गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल तर मीच सोडवून आणला होता, राजीनामा लिहून.

"मॅडम?" बाईने परत विचारलं. "काही चुकलं असेल तर सांगा. आपण चौकशी लावू."

चौकशी लावायची म्हणजे स्वतःच्याच हातात बेड्या घालून घ्यायच्या.

"नाही," मी म्हणाले. "अर्धवेळच आहेत."

"मग आकडा बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं.

तिथून सरळ बेकरीत गेले. मालक गल्ल्यावर बसले होते. मळायच्या मशीनवर नवा माणूस घेतला होता, तगडा, तिशीचा. मी हात जोडले. आयुष्यात कधी जोडले नव्हते त्या माणसापुढे.

"वहिनी, मशीनवर जागा नाही," ते म्हणाले. "चाळणीवर एक माणूस लागेल. पण सगळं पाकिटात. कागदावर नाव येणार नाही आता."

चाळणी म्हणजे मागची बिनखिडकीची खोली. बेकरीभर लागणारं पीठ तिथे चाळतात. आत दिवा लावला तरी धुक्यात लावल्यासारखा दिसतो. हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं, हसत, की मशीनवाले तरी नशीबवान.

"गल्ल्यावर नाही का काही? पोचवायचं काम?"

"नाही," मालक म्हणाले. "आणि हे बघा, आजारी माणूस मी कागदावर घेणार नाही. हवं तर उद्यापासून पाठवा त्यांना."

नणंदेकडे पैसे मागावेत का, असं घरी येताना मनात आलं. पण तिने बावन्न हजार बँकेत भरून टाकले होते, नवऱ्याच्या कर्जात. आणि मागताना कारण काय सांगणार होते?

घरी आले तर हे दुपारचे झोपले होते. खोलीत आवाज म्हणून नव्हता. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुठेही न अडकता. वर्षभरात असे झोपले नव्हते. कपाळावर जरा तुकतुकी आली होती. ह्या माणसाला मी उठवायचं होतं.

मनात आलं, सांगायचंच नाही. दोन इस्त्रीची कामं अजून धरावीत. पण हात दोनच, आणि तेही सहापासून सहापर्यंत विकलेले. मुलीची फी पुढच्या सोमवारी.

त्यांनी आपणहून डोळे उघडले. माझं तोंड पाहिलं. "किती आले?"

मी सगळं सांगितलं. पाकिटाचं, अर्धवेळचं, मालकांचं. म्हटलं, मारा मला, शिव्या द्या, काहीतरी बोला. 

"चाळणीवर?" ते म्हणाले.

"हो."

"उद्यापासून?"

"हो."

उठले. दारामागच्या खुंटीकडे हात गेला आणि तसाच राहिला. मग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरचं फडकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं. ॲप्रनचा खिसा होता त्यावर. मी तो उसवलाच नव्हता.

"जुनी चादर आहे का एखादी?" ते म्हणाले. "एक शिवून टाक संध्याकाळपर्यंत."

"शिवते," मी म्हणाले. 

"आणि कापड उरलं तर नाकावर बांधायला एक पट्टी शिव. दुहेरी."

मी शिलाई मशीनवरची खोळ काढली. चादर अंथरून ह्यांच्या छातीचं माप घेतलं. टेप मागून पुढे आणताना कानाशी त्यांचा श्वास लागत होता, अगदी साफ. माप लिहून घेतलं आणि कापायला बसले. पट्टी मी तिहेरी शिवली.