तीन नंबरांचं पिस्तूल

केंटकीतल्या आमच्या नेमबाजी क्लबात व्हर्नाबाईंच्या पिस्तुलाची फार चेष्टा व्हायची. तीन मोडक्या पिस्तुलांचे भाग जुळवून त्यांनी ते घरीच उभं केलेलं. त्यामुळे भागाभागावर कारखान्याचा वेगळा नंबर.

क्लबाच्या जुन्या पिस्तुलांच्या प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक हार्लन म्हणाला, "बाई, नंबर घासून सगळीकडे एकच ठोका. अस्सल म्हणून पहिल्या टेबलावर घेतो. नाहीतर घरी न्या."

"तुझे दात बसवलेले, गुडघा स्टीलचा. तुला कोणी घरी पाठवलं का रे?"

हशा पिकला. बाईंनी पिस्तूल पहिल्याच टेबलावर ठेवलं आणि तिन्ही नंबर ठळक लिहून पाटी लावली.

हार्लन तीनदा तिथून मान फिरवून गेला. चौथ्यांदा हळूच म्हणाला, "ही स्प्रिंग कुठे मिळाली हो?"