सायीची वाटी

वर्षातले आठच दिवस प्रयागबाई सासूसारखी जगायची. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला अंगठा लागायचा, आणि भांडी घासून, खुरपून झिजलेला तिचा अंगठा मशीन ओळखत नसे. म्हणून आधीचे आठ दिवस सून वनिता तिला कामाला हात लावू द्यायची नाही. स्वतः तिच्या अंगठ्याला साय चोळायची.

यंदा दुसऱ्याच दिवशी निमगाव केतकीचा सेवा केंद्रवाला मोबाईल घेऊन दारात आला. “आजी, आता अंगठा लागत न्हाय. हिकडं बघून डोळं मिचकवा.”

प्रयागबाई हट्टानं टक लावून बघत राहिली. वनितानं मागून करकचून चिमटा काढला. पापण्या लवल्या.

“झालं. आजी जित्या हायत.”

वनितानं सायीची वाटी मांजरापुढं ठेवली आणि खरकट्या भांड्यांची पाटी सासूपुढं सरकवली.