पाचवं रिव्हॉल्वर

बाबांकडे पाच टोपीदार रिव्हॉल्वर होती. काडतुसांच्या आधीच्या काळातली, फौजेत वापरलेली. चक्रात दारू आणि गोळी भरून मागे तांब्याची टोपी बसवायची, मग बार उडायचा. वनखात्याच्या नोकरीत तीस वर्षं त्यांनी ती एकेक करून जमवली. आपल्यामागे ती जबलपूरच्या एका संग्रहालयाला द्यावीत, असं लिहून ठेवलं, सरकारी परवानग्याही स्वतःच आणल्या. तिथे पाटी लागणार होती: नीळकंठ देशकर यांच्या संग्रहातून.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी संग्रहालयाचे रजत वैद्य बालाघाटला आले. मी आदल्याच संध्याकाळी भोपाळहून पोचले होते. सकाळी त्यांच्यासमोर पेटी उघडली. चार रिव्हॉल्वर काळपट तपकिरी, पाचवं देवघरातल्या ताम्हणासारखं लखलखीत.

आईने ते चिंच आणि राखेने घासलं होतं. पाहुण्यांना मळकी वस्तू कशी द्यायची, म्हणून. पाचही घासायची होती, पण एकातच दोन दिवस गेले.

वैद्यांनी ते भिंगाखाली धरलं. मुठीच्या पट्टीवर पलटणीचा पुसट आकडा होता. आता तिथे नुसती चकाकी होती. आकडा गेला म्हणजे ओळख गेली, चारच नेतो, असं ते मला हळू आवाजात म्हणाले.

"हे काहून नाही नेत?" आईने मला विचारलं.

खोटं सांगायचं मनात आलं, पण मी खरं ते सांगितलं. ती रिव्हॉल्वरकडे पाहत राहिली.

"तुले माहीत होतं, घासाचं नाही म्हणून?"

"हौ. सातवीत होते तेव्हा बाबांनी सांगितलं."

"मले चाळीस वर्षांत पेटीले हात नाही लावू देल्ला. म्हणत, तुह्या हाताले कणीक असते."

बाबांची बाजू घ्यावीशी वाटली. घेता आली नाही.

वैद्य पावती लिहायला लागले होते. मी त्यांना थोडं थांबायची विनंती केली. आईला टेबलाशी बसवलं, तेलाची बाटली आणि मलमलचा तुकडा दिला. एकच थेंब, घासायचं नाही, कापड नुसतं फिरवायचं. तिने पदराला हात पुसले आणि पहिलं रिव्हॉल्वर उचललं.

"जड आहे व," ती म्हणाली.

चारही होईपर्यंत वैद्यांचा दोनदा चहा झाला. तिने घाई केली नाही.